वडील सही देत नाहीत, मुलाचा पासपोर्ट कसा काढू?

पत्र

नमस्कार. मी पुण्यात राहते. मुलगा अकरा वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून मी आणि मुलगा माझ्या माहेरी राहतो. कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा चालू आहे, मुलाच्या ताब्याचा निर्णय अजून झालेला नाही. वडील त्याला एक रविवार सोडून एक रविवार भेटतात. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मुलाला माझ्या बहिणीकडे जर्मनीला तीन आठवडे न्यायचं आहे. माझा पासपोर्ट आहे, मुलाचा अजून काढलेलाच नाही. नवऱ्याकडे सही मागितली तर "आधी फ्लॅटच्या प्रकरणात माघार घे, मग बघू" असं उत्तर मिळालं. पासपोर्ट ऑफिसला आपण हरकत कळवून ठेवली आहे, असंही तो म्हणतो. एक एजंट म्हणाला, "सही तुम्हीच करून टाका, नाहीतर नवऱ्याचा ठावठिकाणा लागत नाही असं लिहा. वडिलांचं नावच न टाकता एकल पालक म्हणूनही अर्ज जातो." काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर

नमस्कार ताई,

एजंटाचं काहीही ऐकू नका. दुसऱ्याची सही आपण करणं ही सरळ बनावट सही आहे. दर पंधरवड्याला मुलाला भेटणाऱ्या वडिलांचा "ठावठिकाणा नाही" असं लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ नुसार खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची माहिती दडवून पासपोर्ट मिळवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १० नुसार असा पासपोर्ट जप्त किंवा रद्दही होतो. त्याहून मोठं नुकसान तुमच्या दाव्यात होईल. मुलाचा ताबा ठरायचा असताना समोरच्या वकिलाच्या हाती "आईने मुलाच्या कागदपत्रात खोटं लिहिलं" हा कागद गेला, तर तो शेवटपर्यंत तुमच्या विरोधात वापरला जाईल.

आता तुमच्या बाजूची गोष्ट. वडिलांची सही नाही एवढ्याच कारणावरून मुलाचा पासपोर्ट कायमचा अडू शकत नाही. त्यासाठी नियमांतच वेगळा कागद ठेवलेला आहे.

लहान मुलाच्या अर्जासोबत दोनपैकी एक घोषणापत्र (अॅनेक्शर) लागतं. आई-वडील दोघांची संमती असेल तर अॅनेक्शर डी. त्यात दोघांनी लिहून द्यायचं असतं की मूल आमचं आहे, भारताचं नागरिक आहे, त्याच्या खर्चाची जबाबदारी आमची. दोघांपैकी एकाची संमती नसेल तर अॅनेक्शर सी. हे एकाच पालकाने भरायचं आणि दुसऱ्याची सही का मिळाली नाही याचं कारण त्यात सांगायचं. दोन्ही साध्या कागदावर चालतात. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सोपे केले तेव्हापासून स्टॅम्प पेपर, नोटरी, दंडाधिकाऱ्यासमोरची शपथ यांतलं काही लागत नाही. तरीही झेरॉक्सच्या दुकानात "शंभरचा स्टॅम्प आणि नोटरी" असं सांगून पैसे घेतले जातात. ते देऊ नका. नमुना पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरून ताजा उतरवून घ्या. पूर्वी या कागदांना वेगळी अक्षरं होती, त्यामुळे नेटवर जुने अॅनेक्शर जी आणि एच अजूनही सापडतात आणि तेच भरून नेले तर काउंटरवरून परत यावं लागतं.

त्याच २०१६ च्या बदलांत आणखी एक सवलत आली: अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. एजंट त्याचाच आधार घेतोय. पण ही सवलत नावापुरती आहे, संमतीपुरती नाही. नाव गाळलं म्हणून अॅनेक्शर टळत नाही. तुमच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आहे, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मुलाच्या पूर्ण नावात मधलं नावही त्यांचंच असणार, आणि त्यांनी हरकत घेतली असेल तर तिच्यातही ते असेलच. अशा वेळी नाव गाळणं म्हणजे "इथे काहीतरी लपवलंय" असं अधिकाऱ्याला स्वतःहून सांगणं. दोघांची नावं लिहा आणि संमती नाही हे अॅनेक्शर सी मध्ये स्वच्छ सांगा.

अॅनेक्शर सी भरताना घाई नको. प्रत्येक ओळ वाचा. पती-पत्नीचा दावा न्यायालयात चालू आहे आणि दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय पासपोर्ट देऊ नये असा कोणताही मनाई हुकूम न्यायालयाने दिलेला नाही, हे तुमचं खरं कारण. तेच ठेवा, लागू नसलेला मजकूर काटा. "सोडून गेला", "संपर्क नाही" अशा पर्यायांना हात लावू नका. दाव्याचा क्रमांक, वर्ष आणि न्यायालयाचं नाव लिहा. मात्र त्याआधी वकिलांना विचारून खात्री करा की तुमच्या दाव्यात मुलाला न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेऊ नये असा एखादा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश खरोखरच झालेला नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच तारखेला असा आदेश होऊन गेला आणि पक्षकार विसरून गेले, असं होतं. तसा आदेश असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागेल.

वडिलांची हरकत आणि उच्च न्यायालय

नवऱ्याने हरकत कळवली असेल तर काय होतं? अर्ज फेटाळला जात नाही, फाइल थांबते. पासपोर्ट कार्यालय तुम्हाला पत्र पाठवून खुलासा मागतं. बहुतेक जण इथेच हात टेकतात. तसं करू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला. पुण्याची सतरा वर्षांची विद्यार्थिनी, अभ्यासदौऱ्यासाठी जपानला जायचं होतं, आई-वडिलांचा घटस्फोटाचा दावा चालू, आणि वडिलांची संमती नाही म्हणून पासपोर्ट अडला होता. न्यायालयाने सांगितलं की परदेशप्रवासाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे आणि वडिलांनी नुसती हरकत घेतली म्हणून मुलीला पासपोर्ट नाकारता येणार नाही. दोन आठवड्यांत पासपोर्ट देण्याचा आदेश झाला. मूळ तत्त्व त्याहून जुनं आहे, १९७८ च्या मेनका गांधी खटल्यापासून चालत आलेलं. पण हा निकाल तुमच्याच राज्याच्या न्यायालयाचा आणि तुमच्याच शहरातल्या प्रकरणातला आहे. त्याची प्रत वकिलांकडून घ्या आणि खुलाशाच्या उत्तराला जोडा.

खुलासा लेखी द्या, मुदतीत द्या आणि पोच घ्या. कार्यालयाने अखेर नकारच दिला तर पासपोर्ट कायद्याच्या कलम ५ नुसार नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास प्रत द्यावी लागते. ती मागा. त्यावर तीस दिवसांत अपील करता येतं. उच्च न्यायालयात रिट याचिकेचाही, म्हणजे कार्यालयाला आदेश द्यावा अशी थेट मागणी करण्याचाही मार्ग आहे. पुण्याचं काम मुंबईच्या मुख्य पीठाकडे चालतं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वाचकांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडेल.

पण तुमचं खरं अडणार आहे ते पुढे

तुम्ही फक्त पासपोर्टचं विचारलं आहे. मला जास्त काळजी व्हिसाची वाटते. जर्मनी शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येते आणि तिथल्या व्हिसासाठी अल्पवयीन मुलाच्या अर्जाला ज्यांच्याकडे पालकत्वाचा अधिकार आहे त्या दोघांची संमती लागते. इथे अॅनेक्शर सी सारखी सोय नाही. एका पालकाने "मला सही मिळाली नाही" असं लिहून देऊन जर्मनीच्या वकिलातीत काम होत नाही. त्यांना दुसऱ्या पालकाची संमती हवी, किंवा न्यायालयाचा आदेश हवा. म्हणजे अॅनेक्शर सी वर पासपोर्ट मिळाला तरी मे महिन्यात तो कपाटात पडून राहील आणि बहिणीने काढलेलं तिकीट फुकट जाईल.

तिसरी गोष्ट प्रवासाच्या परवानगीची. पासपोर्ट हातात असणं आणि ताब्याचा दावा चालू असताना मुलाला देशाबाहेर नेण्याची मुभा असणं, या दोन वेगळ्या बाबी आहेत. न्यायालयाला न सांगता गेलात तर परत आल्यावर "मुलाला माझ्यापासून तोडण्याचा प्रयत्न" असा अर्ज तुमच्याविरुद्ध येईल. या बाबतीत भारतातली न्यायालयं सावध असतात. मूल परत आणलं नाही तर दुसऱ्या पालकाला काय करता येईल, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याची सोय करणाऱ्या, मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे वडिलांची ही भीती न्यायाधीश पोकळ समजणार नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा: तुमच्या बाबतीत थेट पासपोर्ट केंद्रात न जाता आधी कौटुंबिक न्यायालयात चालू दाव्यातच अंतरिम अर्ज करा. विवाह हिंदू पद्धतीचा असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबाबत असे आदेश मागता येतात. विशेष विवाह कायद्याखालचा विवाह असेल तर तिथे कलम ३८ आहे. एकाच अर्जात तिन्ही गोष्टी मागा. एक, वडिलांच्या संमतीशिवाय मुलाचा पासपोर्ट काढण्याची परवानगी आणि प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाने त्या संमतीचा आग्रह धरू नये असं निर्देशन. दोन, शेंगेन व्हिसाच्या अर्जावर आईने एकटीने सही करण्याची परवानगी, "व्हिसा" हा शब्द स्पष्ट घालून. तीन, ठरावीक तारखांना जर्मनीला जाऊन परत येण्याची परवानगी. दुसरी मागणी वकील हमखास विसरतात. "प्रवासाला परवानगी" एवढाच आदेश घेऊन व्हिसा केंद्रात गेलेल्यांना परत पाठवल्याचं घडतं, कारण सहीचा अधिकार कोणाला हे त्यात लिहिलेलं नसतं.

अर्जासोबत द्यायचं ते ठोस द्या. बहिणीचं निमंत्रणपत्र आणि तिचा पत्ता, तिच्या तिथल्या वास्तव्याच्या परवान्याची प्रत, जाण्या-येण्याच्या तारखा, शाळा सुरू होण्याची तारीख, तुमच्या नोकरीचं आणि रजेचं पत्र. परतीचं तिकीट आत्ताच विकत घेऊ नका, बुकिंगचा तपशील पुरेसा. आणि मागायच्या आधीच द्यायला तयार राहा: मुलगा परत येईल असं हमीपत्र, परत आल्यावर पासपोर्ट न्यायालयात किंवा वकिलांकडे ठेवण्याची तयारी, त्या तीन आठवड्यांत वडिलांशी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, आणि बुडालेल्या रविवारांच्या बदल्यात जूनमध्ये जास्तीचे दिवस. वडिलांचा वेळ तुम्ही स्वतः भरून देताय हे दिसलं की "आधी फ्लॅट, मग सही" असं म्हणणाऱ्याची बाजू आपोआप लंगडी पडते.

न्यायालयात जाण्याआधी एक पायरी मात्र चुकवू नका. नवऱ्याकडे सही लेखी मागा. तोंडी नकार कुठेच सिद्ध होत नाही. वकिलांमार्फत किंवा स्वतः रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा. त्यात प्रवासाच्या तारखा, बहिणीचा पत्ता आणि वरच्या सगळ्या हमी लिहा, अॅनेक्शर डी चा कोरा नमुना जोडा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. भाषा साधी ठेवा, जुनी भांडणं त्यात आणू नका. पासपोर्टला सही दिली म्हणजे ताब्याचा हक्क सोडला असा अर्थ होत नाही, हे एका वाक्यात जरूर लिहा. पुष्कळ वडील केवळ या गैरसमजापोटी अडून बसतात आणि पत्र वाचून वकिलाला विचारल्यावर सही देतातही. सही आली तर सगळं सोपं झालं. तेव्हा व्हिसासाठीची संमतीही नोटरी करून सोबतच घ्या. नाही आली, तर पोस्टाची पोच आणि त्याचं उत्तर हे दोन्ही कागद पासपोर्ट कार्यालयात आणि न्यायालयात तुमचा पुरावा होतील. फ्लॅटचा उल्लेख असलेला व्हॉट्सअॅपवरचा संदेश असेल तर तो पुसू नका.

न्यायालयांना नाताळची सुट्टी असते आणि मे महिन्यात उन्हाळी सुट्टी. म्हणून पत्र याच आठवड्यात आणि अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेला पाहिजे. आदेश झाला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. आदेश मराठीत असेल तर व्हिसासाठी इंग्रजी भाषांतर लागेल. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आदेशाची चिन्हं दिसली नाहीत तर थांबू नका. अॅनेक्शर सी वर पासपोर्टचा अर्ज करून टाका, म्हणजे आदेश येईपर्यंत निदान ती फाइल पुढे सरकलेली असेल.

पासपोर्ट केंद्रातला दिवस

अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर किंवा पासपोर्ट सेवेच्या अधिकृत अॅपवर भरा. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट आहेत आणि त्या जास्तीचे पैसे उकळतात. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना ते पाहा. अकरा वर्षांच्या मुलाच्या छत्तीस पानी नव्या पासपोर्टचं शुल्क १००० रुपये आहे. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सवलत असते, तुमच्या मुलाला ती लागू नाही. तत्काळसाठी वर २००० रुपये पडतात, पण पालकांत वाद असलेल्या प्रकरणात तत्काळवर भिस्त ठेवू नका. हरकत असेल तर फाइल थांबते आणि पैसे भरून ती हलत नाही.

भेटीच्या दिवशी मुलाला बरोबर न्यावंच लागतं. फोटो तिथेच काढतात. चार वर्षांच्या आतल्या बाळांचाच छापील फोटो न्यावा लागतो, साडेचार गुणिले साडेतीन सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. मागे पांढरा पडदा असतो, म्हणून मुलाला पांढरा शर्ट घालू नका. पहिल्या काउंटरवर कागद स्कॅन होतात, दुसऱ्यावर अधिकारी मूळ कागद तपासतो, तिसऱ्यावर मंजुरीचा निर्णय होतो. तुमचा प्रश्न दुसऱ्या काउंटरवर निघेल. तिथे घरची कहाणी सांगू नका. अॅनेक्शर सी, दाव्याची पहिली पानं, झालेले अंतरिम आदेश, पोस्टाची पोच आणि असल्यास परवानगीचा आदेश असा गठ्ठा क्रमाने लावून ठेवा आणि विचारलं की तोच पुढे करा.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. जन्मदाखल्यावर नुसतं मुलाचं नाव, आधारवर मुलाचं, वडिलांचं आणि आडनाव, शाळेत आडनाव आधी. पासपोर्टच्या अर्जात "दिलेलं नाव" आणि "आडनाव" असे दोनच रकाने असतात. आपल्याकडे मुलाचं आणि वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात लिहितात. इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच असलं पाहिजे. एखादं जादा "ए" सुद्धा अडवतं. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मगच भेटीची वेळ घ्या. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच घातलेलं नसेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जाऊन ते घालून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी तर आता जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तुमच्या मुलाला ती अट नाही, तरी जन्मदाखलाच न्या.

पत्त्याचं तुमच्या बाबतीत विशेष लक्ष द्या. पासपोर्टच्या अर्जात मूल आज जिथे राहतं तो पत्ता द्यायचा असतो, म्हणजे तुमच्या माहेरचा. तुमच्या पासपोर्टवर सासरचा पत्ता असेल तर तो पुरावा म्हणून उपयोगाचा नाही. तुमच्या वडिलांच्या नावाचं वीजबिलही चालणार नाही, कारण पुरावा मुलाच्या आईच्या किंवा वडिलांच्या नावाचा लागतो. सगळ्यात सोपं म्हणजे तुमचं आणि मुलाचं आधार माहेरच्या पत्त्यावर बदलून घेणं. सरकारी किंवा खासगी शेड्यूल्ड बँकेचं फोटो असलेलं, चालू पासबुकही जोडीला ठेवा. मुलगा तुमच्याकडेच राहतो हे दाखवायला शाळेचं बोनाफाइड, फीच्या पावत्या आणि डॉक्टरची फाइल कामी येते. ती मागतीलच असं नाही, पण हरकतीचं उत्तर देताना हवी असते.

स्वतःच्या पासपोर्टची मूळ प्रत आणि पहिल्या व शेवटच्या दोन-दोन पानांच्या स्वसाक्षांकित झेरॉक्स न्या. नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत तुमच्याकडे नसेल तर ती मिळवण्याच्या खटपटीत पडू नका. अॅनेक्शर सी वर केलेल्या अर्जात ती नसणं समजण्यासारखं आहे. तुमच्या पासपोर्टवर पतीचं नाव आहे म्हणून आधी तो बदलायला हवा, असंही काही नाही.

आई-वडील दोघांचे वैध पासपोर्ट आणि अॅनेक्शर डी असेल तर मुलाची पोलीस पडताळणी बहुधा होत नाही. तुमच्या बाबतीत ती होईल असं धरून चाला. पोलीस ठाण्यातून फोन येईल, कोणीतरी घरी येईल किंवा बोलावणं येईल. शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या ऑफिसला आधी सांगून ठेवा. तुम्ही घरी नसताना "इथे राहत नाहीत" असं कोणी बोलून गेलं तर अहवाल प्रतिकूल जातो आणि तो सुधारून घेण्यात महिना जातो. अर्जात दिलेला मोबाइल बंद ठेवू नका.

व्हिसाचं शुल्क सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो आणि पुढे ९० युरो. मुलाचा बारावा वाढदिवस व्हिसाच्या अर्जाआधी येतोय का ते पाहा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. म्हणून मे महिन्याच्या मध्याला निघायचं असेल तर मार्चअखेर अर्ज गेलेला बरा. विमानतळावर आदेशाची प्रमाणित प्रत हाताशी ठेवा, सामानात टाकू नका.

याच सहीवरून इतर वाचकांचंही अडतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. नवरा आखातात किंवा परदेशात नोकरीला असेल आणि संमती द्यायला तयार असेल तर त्याने तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित केलेलं शपथपत्र पाठवावं आणि इथल्या पालकाने अॅनेक्शर डी जोडावं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या सहीच्या फोटोवर काम होत नाही. जहाजावर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच अॅनेक्शर डी वर सही करून ठेवावी, दोघांनी केंद्रात हजर राहायची गरज नसते. दोघांपैकी एक हयात नसेल तर मृत्यूदाखला जोडावा. घटस्फोट होऊन ताबा मिळालेला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते, आणि त्यात दुसऱ्या पालकाला भेटीचे हक्क दिले असतील तर अधिकारी तेही वाचतात. आईचं लग्नच झालेलं नसेल तर तिला मुलाच्या वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पालकत्वाच्या अर्जात अविवाहित आईला वडिलांचं नाव उघड करायला लावता येणार नाही असं ठरवलं आहे.

ताई, मुलाचा हा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळेल, म्हणजे तो साधारण सोळाचा होईपर्यंत. तेव्हा नूतनीकरणाला हीच सही पुन्हा लागेल, कारण अठरा पूर्ण होईपर्यंत दर वेळी अॅनेक्शर सी किंवा डी द्यावंच लागतं. तोवर तुमच्या दाव्याचा निकाल लागलेला असेल. तडजोड होवो वा हुकूमनामा, त्याच्या मसुद्यात "मुलाच्या पासपोर्टसाठी, त्याच्या नूतनीकरणासाठी आणि व्हिसासाठी आईची एकटीची सही पुरेशी राहील" हे वाक्य घालून घ्यायला वकिलांना आजच सांगून ठेवा.